खुंटीला हात कुणी लावला?

शेलारबाईंना कुणी चहा दिला, तर त्या कप हातात धरून गप्प बसायच्या. समोरचा एक घोट घेई, त्याला काही झालेलं नाही असं दिसे, मग बाईंचा कप तोंडाकडे जाई. चहात विष घालील असं त्यांच्या ओळखीत कुणी नव्हतं आणि त्यांना तसं वाटतही नसावं. पण दूध नासलेलं असू शकतं, साखर घालायची राहिलेली असू शकते. "दुसऱ्याला आधी कळू दे," असं त्या एकदा मला म्हणाल्या, आणि म्हणताना हसल्या नाहीत.

बसचंही तेच. पाटी वाचायच्या, चढताना कंडक्टरला विचारायच्या, आणि बसल्यावर शेजारणीलाही विचारायच्या, "हडपसरलाच जाते ना हो?" त्यांचा जन्म हडपसरचा आणि वर्षानुवर्षं बस तीच. एखाद्यानं "बाई, काल फार सुंदर वाजवलंत" म्हटलं, तर त्याला नीट न्याहाळून त्या म्हणायच्या, "का हो, काय काम आहे?"

बाई इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या. ऐंशीच्या दशकात पुण्यात वाद्यवृंदांचं पेव फुटलं होतं. त्यातल्याच एकाचा, म्हणजे बापटांच्या वाद्यवृंदाचा, मी निवेदक होतो. आठवडाभर सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी सूट चढवून "रसिकहो" म्हणायचं, असा माझा दुहेरी संसार. तालमी रविवारी सकाळी शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. तिथं एका रविवारी बाई उगवल्या. अंगावर सुती साडी, पायात कारखान्यातले जाड काळे बूट, हातात गिटारची पेटी.

"वाजवा," बापट म्हणाले.

बाईंनी पर्समधून टेस्टर काढला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसला. "आधी अर्थिंग बघते."

अर्थिंग नव्हतं.

"इथं अजून कुणाला शॉक बसला नाही?"

"नाही बुवा," बापट म्हणाले.

"बसेल," बाई म्हणाल्या, आणि ॲम्प्लिफायरला न जोडताच त्यांनी गिटार वाजवली. इलेक्ट्रिक गिटार तशी वाजवली की डबीत अडकलेल्या माशीएवढाच आवाज येतो. आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून, श्वास रोखून ऐकत बसलो. बाईंचा हात असा काही फिरत होता की बापटांनी तिथल्या तिथं त्यांना घेऊन टाकलं. पुढच्या रविवारपर्यंत स्वतःच्या खिशातून अर्थिंगही करून घेतलं.

नोकरी त्यांची हडपसरच्याच एका कारखान्यात, तपासणी खात्यात. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे, मापात बसले तर पास करायचे, नाही तर परत पाठवायचे. एकदा बराच माल त्यांनी अडवला तेव्हा साहेब स्वतः खाली आले. "बाई, डोळ्यांना तर काही फरक दिसत नाही." बाई म्हणाल्या, "डोळ्यांना दिसला असता तर मला कशाला ठेवलं असतंत?" हा किस्सा त्या अभिमानानं सांगत नसत. साहेबांना तो माल पुढे ढकलायची एवढी घाई का होती, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो त्यांनी मला निदान चारदा विचारला होता.

गिटार त्यांनी कॅम्पातल्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली होती. ते जहाजावर नोकरीला होते, त्यांनी ती परदेशातून आणलेली. ती त्यांनी विकली का, हे कोडं बाईंना कधीच सुटलं नाही. "चांगली असती तर विकली असती का?" असं म्हणत त्या ती पोटाशी धरायच्या.

या गिटारला एक वाकडी दांडी होती. तारा ज्याच्यावर टेकतात त्या धातूच्या भागाला ब्रिज म्हणतात, सतारीची घोडी असते तसा. साध्या गिटारीत तो जागचा हलत नाही. या गिटारीत तो सहा स्क्रूंच्या आधारानं झुलायचा. एकीकडून तारा त्याला ओढायच्या, दुसरीकडून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा. दांडी दाबली की ब्रिज कलायचा, तारा सैल पडायच्या आणि सूर लवत, थरथरत खाली जायचा. सोडली की तो उठून जागेवर यायचा. तो लवणारा सूर ऐकायला लोक तिकीट काढायचे. मध्यंतरानंतर बाईंची एकटीची धून असायची, आणि तिच्यात दांडीला हात गेला की मागच्या रांगांतून शिट्ट्या यायच्या.

बाई येण्याआधी मुख्य गिटार दिलीप खरे वाजवायचा. अबोल, सडपातळ माणूस, शनिवार पेठेत आईबरोबर दोन खोल्यांत राहायचा. बापटांनी त्याला सांगितलं, "खरे, आता तुम्ही साथीची गिटार घ्या." तो म्हणाला, "चालेल." बाईंनी ते ऐकलं आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्या पटकन कुणी चालेल म्हणतं का हो?"

"त्याचा स्वभावच आहे तसा. आडनावही खरे."

"आडनावावर जाऊ नका, कुलकर्णी."

पहिलं वर्ष बरं गेलं. मग हडपसरच्या गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला.

बाईंच्या घरी त्यांचं स्टेजवर वाजवणं मोठ्या भावाला पसंत नव्हतं. वडिलांना, आप्पांना, मात्र लेकीचं कौतुक होतं. ते फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि भावाला हट्टानं शेजारी बसवलं होतं. मागे सगळी आळी. पूर्वार्ध छान रंगला. मध्यंतरानंतर बाईंची धून सुरू झाली. दांडी दाबली, सूर लवला, शिट्ट्या आल्या. दांडी सोडली, आणि पुढचा सूर लागला तो असा बेसूर की ढोलकीवाल्यानं दचकून वर पाहिलं. बाई थांबल्या, तारा जुळवल्या, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा दांडी, पुन्हा तेच. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, नवी घ्या!" हशा पिकला.

आप्पा जागेवरून म्हणाले, "काय झालं गं? वाजंना व्हय?"

भाऊ उठला आणि मांडवाबाहेर चालता झाला. बाईंनी वायर काढली आणि त्या विंगेत आल्या. एवढ्यात दिलीपनं ती धून उचलली आणि आपल्या साध्या गिटारवर शेवटपर्यंत नेली. चांगली नेली. टाळ्या पडल्या. बाई विंगेत माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या टाळ्यांकडे बघत नव्हत्या, दिलीपच्या बोटांकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी तालमीला आल्या त्या पेटी न उघडताच म्हणाल्या, "मध्यंतरात माझ्या खुंटीला हात कुणी लावला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"खरे?"

दिलीप म्हणाला, "बाई, मी तुमच्या गिटारकडे बघतसुद्धा नाही."

"तेच म्हणते मी. सगळे बघतात. तुम्हीच का बघत नाही?"

दिलीपचे कान लाल झाले. तो मान खाली घालून तारा पुसत बसला, आणि खरं सांगायचं तर त्याचं ते गप्प बसणं त्या घटकेला आम्हालाही खटकलं. जागा गेलेला माणूस होता. कारण होतं त्याला.

त्या दिवसापासून वाद्यवृंदाचं वातावरणच फिरलं. बापट मेकअपच्या खोलीला कुलूप लावू लागले. मग किल्ली कुणाकडे, यावरून कुजबुज सुरू झाली. ढोलकीवाला ढोलकी मांडीवरून खाली ठेवीना. मी माझे निवेदनाचे कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवू लागलो. ते चोरून कुणाचं भलं होणार होतं, देव जाणे. आणि गिटार सुरातून उतरतच होती. एखाद्या कार्यक्रमात थोडी, एखाद्यात पार.

एकदा बाईंनी मला कोपऱ्यात बोलावून गिटारचं डोकं दाखवलं. प्रत्येक खुंटीवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ होती, अर्धी खुंटीवर आणि अर्धी शेजारच्या लाकडावर. जन्मात नखांना न लावलेलं नेलपॉलिश बाईंनी तेवढ्यासाठी आणलं होतं.

"तारा जुळवून झाल्यावर ओढलीय. खुंटी फिरली की रेघ तुटणार. कारखान्यात आम्ही असंच करतो."

"मला कशाला दाखवताय?"

"साक्षीदार लागतो. आणि तुम्हाला गिटार वाजवता येत नाही, म्हणजे तुमचा यात काही फायदा नाही."

साताऱ्याच्या कार्यक्रमात मध्यंतर संपता संपता बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर गिटार होती. दुसऱ्या तारेच्या खुंटीवरची रेघ तुटली होती. लाकडावरचा अर्धा तुकडा एकीकडे, खुंटीवरचा पाव फेरा पलीकडे.

बापटांनी विचारलं, "खोलीत एकटं कोण होतं?"

दिलीप होता. चहा घेऊन आत आलेल्या माणसानं पाहिलं होतं.

"खरे, बोला काहीतरी."

दिलीपनं बाईंकडे पाहिलं, बापटांकडे पाहिलं. मग आपली गिटार खोळीत घातली, खांद्याला अडकवली आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघून गेला. उत्तरार्ध साथीच्या गिटारशिवाय झाला.

पुणं बोलून चालून लहान गाव. आठवड्याभरात इतर वाद्यवृंदांत बातमी गेली. दिलीप दोन-तीन ठिकाणी विचारायला गेला तर "सध्या गरज नाही" असं उत्तर मिळालं. एकानं तर तोंडावर विचारलं म्हणे, "तार उतरवणारे खरे ते तुम्हीच का?" त्याची आई मला तुळशीबागेत भेटली, आणि ओळख न दाखवता पुढे गेली.

दिलीप गेल्यानंतरचा पहिलाच कार्यक्रम. मध्यंतरभर गिटार बाईंच्या मांडीवर. धून सुरू झाली, दांडी दाबली, सोडली, आणि गिटार उतरली. पडदा पडल्यावर बाईंनी मला खूण करून बोलावलं. सगळ्या रेघा शाबूत होत्या. एकही तुटली नव्हती.

"आता?" मी म्हटलं.

बाई बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी घरी या. साक्षीदार लागेल."

त्यांचं घर हडपसरच्या मळ्यात, मागे फ्लॉवरचे वाफे. ओसरीवर टेबल मांडून त्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि गिटार उताणी निजवली होती. भाऊ पाण्याचं इंजिन बघायला निघाला होता. जाताजाता म्हणाला, "आज कुनाला पकडायचं हाय?"

बाई गिटारवर वाकल्या. माणसांवर घेतलेला संशय त्यांनी आता गिटारवर घेतला होता, आणि तोही कारखान्याच्या शिस्तीनं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तारा जुळवून दांडी दाबायची, सोडायची, आणि सूर जागेवर आला का ते तपासायचं. रेघांमुळे खुंट्या निर्दोष सुटल्याच होत्या. मग तारा. नवी तार ताणत जाते, म्हणून त्यांनी प्रत्येक तार बोटांनी उचलून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली, ती ढिली पडायची थांबेपर्यंत. थोडा फरक पडला. मग गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. बाईंनी कान तिथं लावला आणि खुंटी हळू फिरवली. बारीकसा "टिक" असा आवाज आला.

"ऐकलंत? तार खाचेत अडकते आणि एकदम सुटते. दांडी सोडल्यावर परत येताना इथंच अडत असणार."

पेन्सिलीचं शिसं त्यांनी खाचांतून घासलं. टिक बंद झालं. आणखी फरक पडला, तरी ब्रिज पुरता जागेवर येईना. गिटार पालथी करून मागचं झाकण काढलं. स्प्रिंगा ठीक होत्या. पुन्हा उताणी केली. आता उरले ब्रिजच्या पुढचे सहा स्क्रू.

बाईंनी पेचकस पहिल्या स्क्रूवर टेकवला आणि त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"हे मी आवळलेत."

मला कळेना.

"हडपसरच्या कार्यक्रमाआधी बघितलं तर यातले चार जरा वर आलेले दिसले. मला वाटलं, सुटत चाललेत. म्हणून सगळे तळापर्यंत आवळले. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी आवळते, सुटायला नकोत म्हणून."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? ब्रिजला यांच्यावर झुलायचंय. मी त्याचा गळाच धरून ठेवला. खाली जाताना दांडीच्या जोरानं जातो, वर येताना अडकून बसतो." त्यांनी एका स्क्रूवर नख टेकवलं. "ते वर आलेले नव्हते. बसवणाऱ्यानं वर ठेवले होते."

त्यांनी मधले चार स्क्रू चांगले सैल केले. कडेचे दोन एवढेच उचलले की ब्रिज त्यांच्यावर टेकेल पण अडणार नाही. मागच्या स्प्रिंगांचा ताण कमीजास्त करून ब्रिज लाकडाशी समांतर आणला. तारा जुळवल्या. दांडी पार खाली दाबली आणि सोडली. सूर आला तो थेट जागेवर. पुन्हा दाबली. पुन्हा जागेवर. किती वेळा तरी दाबली, एखादा साक्षीदार खोटं बोलतोय का हे बघावं तशी.

मग पेचकस खाली ठेवला. वाफ्यांकडून इंजिनाचा आवाज येत होता.

"पण साताऱ्याची रेघ?" मी विचारलं. "ती तर तुटली होती."

"तुटली होती. पण मी त्याला दोषी धरलं ते हडपसरसाठी. हडपसरला त्यानं काही केलं नव्हतं." त्या उठल्या. "चला, शनिवार पेठेत जायचंय."

दार दिलीपनंच उघडलं. आम्हाला पाहून बाजूला झाला, बसा म्हणाला नाही. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"खरे, गिटार ब्रिजच्या स्क्रूंमुळे उतरत होती. ते मी आवळले होते. तुमच्यावर घेतलेला आळ खोटा होता. हे तुम्हाला आधी सांगते, उद्या बापटांना सांगणार."

आतल्या खोलीत त्याची आई भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"साताऱ्याची खुंटी मीच फिरवली," तो म्हणाला.

मला वाटलं, आता बाईंचा भडका उडणार. बाईंनी विचारलं, "कुठली?"

"दुसरी."

"किती?"

"पाव फेरा."

बाईंनी मान हलवली. "बरोबर."

"त्याच्या आधी कधी हात लावला नव्हता. शपथ घेतो. पण सगळे माझ्याकडे तसे बघायला लागले, आणि त्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं. म्हटलं, नाव तर झालंच आहे." "वाजवून झाल्यावर सांगणार होतो. मग तुम्ही सगळ्यांना बोलावलंत."

"आत्ता का सांगितलंत? मी तर आळ मागे घेतला होता. गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"तुम्ही उंबऱ्यात उभं राहून स्वतःची चूक सांगितलीत. मग मला गप्प बसवेना."

बाई हसल्या. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. पुढचा दात थोडा तिरका होता, म्हणून की काय, त्यांनी लगेच पदर तोंडाशी नेला. "रविवारी तालमीला या," त्या म्हणाल्या.

"परत संशय घ्याल."

"घेणारच. पण तुम्ही विचारायच्या आत खरं सांगता, एवढं मला कळलं. असा माणूस मी अजून बघितला नव्हता."

दिलीप त्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आला. दरम्यान बाईंनी कारखान्यातून रजा घेतली आणि पुण्यातल्या प्रत्येक वाद्यवृंदाच्या चालकाकडे स्वतः गेल्या. त्यातल्या दोघांकडे साक्षीदार म्हणून मीही होतो. प्रत्येक ठिकाणी त्या पाठ केल्यासारखं सांगायच्या, "खरे यांनी काही केलेलं नाही. बिघाड माझ्या गिटारीत होता आणि तो मी केला होता." एका चालकानं खोदून विचारलं, "आणि साताऱ्याला म्हणे रंगेहाथ सापडला?"

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साताऱ्याला काही झालं नाही."

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्या पुष्कळ अंतर माझ्या पुढे चालत राहिल्या. जन्मभर एक केस इकडेतिकडे झालेला माल पुढे जाऊ न देणारी बाई. मी तो विषय पुन्हा काढला नाही, त्यांनीही नाही.

पुढे बरीच वर्षं दोघं शेजारी बसून वाजवत राहिले. दर कार्यक्रमाआधी बाई "खरे, हात लावलात का?" असं विचारायच्या आणि तो "नाही बाई" म्हणायचा. त्यांना त्यात मजा वाटत असे, असं मला वाटायचं, पण खात्री देता येणार नाही. मग वाद्यवृंदांचे दिवस सरले, बापट गेले, मी निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला आलो. बाईही आता नाहीत. दिलीपनं फोनवर कळवलं तेव्हा तो नीट बोलूही शकत नव्हता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका हॉस्पिटलात. दिलीपच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, त्याला मूलबाळ नव्हतं, आई केव्हाच गेलेली. मी भेटायला गेलो तर अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर शेलारबाई. केस पांढरे, चष्मा जाड, मांडीवर औषधांची पिशवी. दुकानातून आणलेली प्रत्येक बाटली त्या खिडकीच्या उजेडात धरत होत्या, मुदतीची तारीख वाचत होत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी नाव ताडून बघत होत्या.

नर्स दारात आली. "आजी, द्या ना लवकर. आम्ही बघतो ते सगळं."

"तुम्ही बघताच हो. मीही बघते."

"किती दिवस बसलाय तुम्ही इथं. घरी जा, विश्रांती घ्या. पेशंट अगदी छान आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवून तिला आपादमस्तक न्याहाळलं. "छान आहे म्हणता? मला बघू द्या."

नर्सनं माझ्याकडे हताशपणे पाहिलं. शेवटी तिनं दार थोडं उघडून धरलं. बाईंनी चपला काढल्या, बाटल्यांची पिशवी छातीशी धरली, आणि काचेपलीकडच्या पलंगावर दिलीपची छाती वर-खाली होत होती, तिच्याकडे त्या टक लावून बघत उभ्या राहिल्या.